कबर्डमधला पी कुठं गेला? इंग्रजी स्पेलिंगची शब्दकोडी रचण्याची रीत

मराठी शाळेत स्पेलिंग शिकवायची आपली पद्धत ठरलेली आहे. रोज दहा शब्द द्यायचे, प्रत्येक शब्द पाच वेळा लिहून आणायला सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी तोंडी म्हणून घ्यायचा. परीक्षेपर्यंत ते टिकतं, दिवाळीच्या सुट्टीत उडून जातं. सगळ्यात आधी उडतात ते चमत्कारिक स्पेलिंगचे शब्द, कारण त्यांना धरून ठेवायला लेकरांजवळ काही कारण नसतं.

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत मी पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते. माझा अनुभव असा, की ज्या शब्दावर लेकरांची गाडी अडते, त्याच शब्दाचं कोडं सगळ्यात चांगलं होतं. आणि अशी कोडी सोडवायला देवनागरीत वाढलेलं लेकरू मुळातच तयारीचं असतं. ऐकू येतं ते बहुतांशी तसंच लिहायची त्याला सवय असते, त्यामुळे कान काय सांगतो आणि अक्षरं काय सांगतात यातली फट त्याला लगेच कळते. "बाई, हे लेटर म्हणायचंच नाही, तर लिहायचं कामून?" हा प्रश्न वर्गात आला की तास सुरू झाला असं मी समजते. त्या प्रश्नाचं कोडं कसं करायचं, ते पुढे क्रमानं सांगते. पालकांना घरी आणि शिक्षकांना शाळेत, दोघांनाही जमेल असं आहे.

आधी शब्द गोळा करा

सामान फार लागत नाही. गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि उच्चार दिलेला एक इंग्रजी-मराठी शब्दकोश एवढं पुरे. मोबाइलवरचा शब्दकोश असला तर आणखी बरं, कारण त्यात उच्चार ऐकता येतो.

शब्द पाठ्यपुस्तकातून उचलू नका. ते रस्त्यावरून आणा. कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडपासून मोंढ्यापर्यंत चालत गेलं तरी वही भरते. झेरॉक्सच्या दुकानाच्या पाटीवर एक्स हे अक्षर दोनदा येतं, सुरुवातीला त्याचा 'झ' होतो आणि शेवटी 'क्स'. एकाच शब्दात एकाच अक्षराचे दोन आवाज! मोटारपंपाच्या दुकानात 'गॅरंटी' लिहिलेलं असतं, त्यात जीनंतर एक यू उगीच उभा असतो. औषधाच्या दुकानात कफ सिरप, ट्रॅक्टरच्या शोरूमबाहेर प्लाऊ, बँकेत चेक, अडत दुकानात रिसीट आणि लेकरांच्या दप्तरात रफ वही. यातला एकही शब्द लेकराला परका नाही. अर्थ समजावण्यात वेळ जात नाही, सगळं लक्ष अक्षरांवर राहतं.

एक काळजी मात्र घ्या. पाटीवरचं स्पेलिंग रंगाऱ्यानं लिहिलेलं असतं, ते चुकीचं असू शकतं. वहीत उतरवलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहूनच पक्का करायचा. पाटीवरची चूक शोधून काढणं हेसुद्धा लेकरांना फार आवडतं, पण तो खेळ वेगळा. दोन्हींची सरमिसळ नको.

देवनागरीत लिहून जोड्या लावा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

वहीच्या वरच्या ओळीत शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहा. खालच्या ओळीत इंग्रजी अक्षरं एकेका चौकटीत लिहा. मग वरच्या प्रत्येक आवाजापासून खालच्या अक्षरापर्यंत रेघ ओढा. 'कबर्ड' घेऊ. खाली सी, यू, पी, बी, ओ, ए, आर, डी. 'क'ची रेघ सीकडे गेली. त्यातला 'अ' यूकडे गेला. 'ब' बीकडे, त्यापुढचा 'अ' ओ-ए या जोडीकडे, 'र' आरकडे आणि 'ड' डीकडे. मधला पी तसाच राहिला, त्याच्याकडे एकही रेघ आली नाही. हा बिनरेघेचा पी म्हणजे तुमचं कोडं. हा शब्द मुळात कप आणि बोर्ड मिळून झाला, कप ठेवायची फळी. बोलता बोलता पी झिजून गेला, लिहिताना राहिला.

इथं दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला जोडाक्षरांचा. एस-एच मिळून 'श', टी-एच मिळून 'थ', ई-ए मिळून कधी 'ई' तर कधी 'ए'. अशा जोडीतलं एखादं अक्षर मुकं आहे असं म्हणू नका, जोडीला मिळून एकच रेघ द्या. नाही तर 'ब्रेड'मधला ए मुका की ई मुका यावर वर्गात भांडण लागतं, आणि त्याला उत्तर नसतं.

दुसरा घोटाळा आपल्या उच्चाराचा. मराठीत येता येता काही इंग्रजी शब्दांनी मुकं अक्षर बोलकं करून घेतलं आहे. इंग्रजीत प्लंबरमधला बी उच्चारत नाहीत, 'प्लमर' म्हणतात. आपण मात्र ठणठणीत 'प्लंबर' म्हणतो. रेशनच्या दुकानात 'थंब लावा' म्हणतात, इंग्रजीत तो नुसता 'थम'. तेव्हा वरच्या ओळीत शब्दकोशातला उच्चार लिहायचा, बाजारातला नाही. ज्या शब्दांचे हे दोन उच्चार वेगळे आहेत त्यांची वेगळी यादी ठेवा. सातवी-आठवीच्या लेकरांसाठी ती यादी म्हणजे खजिना आहे.

कारण शोधल्याशिवाय कोडं रचू नका

स्पेलिंग असं का झालं हे माहीत असलं, की सूचक वाक्य आपोआप सुचतं. फार खोलात जायची गरज नाही. चार गोष्टी माहीत असल्या तरी बरंच काम भागतं.

पहिली गोष्ट, बरीच मुकी अक्षरं एकेकाळी बोलत होती. 'नाईफ'मधला के, 'नी' म्हणजे गुडघा यातला के, 'नाईट'मधले जी-एच हे सगळे जुन्या इंग्रजीत उच्चारले जात. जी-एचचा आवाज घशातून निघणाऱ्या 'ख़'सारखा होता. जीभ पुढे गेली, लेखणी तिथंच राहिली.

दुसरी गोष्ट छपाईची. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला आणि तिथून स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. पण त्याच काही शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते. म्हणजे कागदावर जुना उच्चार छापला गेला आणि तोंडात नवा बसला. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ मध्ये आला, तोवर बरीचशी स्पेलिंग ठरून गेली होती. अमेरिकेत नोआ वेबस्टर यांनी १८२८ च्या आपल्या कोशात काही स्पेलिंग सोपी केली, म्हणून तिकडे 'कलर'मध्ये यू नसतो.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. काही अक्षरं विद्वानांनी मुद्दाम आणून बसवली आहेत. 'डेट' म्हणजे कर्ज हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. नंतर पंडितांना वाटलं, याचं लॅटिन मूळ 'डेबिटुम' आहे, तर बी दिसायला हवा. म्हणून बी आला, पण तो बोलायला कुणी तयार झालं नाही. 'डाऊट'मधला बी आणि 'रिसीट'मधला पी यांचीही हीच कथा. 'आयलंड'मध्ये तर चुकीच्या नात्यामुळे एस घुसला. तो शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला होता, पण 'बेट' याच अर्थाच्या दुसऱ्या, लॅटिनकडून आलेल्या शब्दाचा नातलग समजून त्याला एस चिकटवला.

चौथी, शब्द ज्या भाषेतून आला तिची खूण. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. पुढे ग्रीक, लॅटिन, इटालियन, अरबी, हिंदुस्थानी असं सगळीकडून येत राहिलं. प्रत्येक शब्द आपापलं स्पेलिंग घेऊन आला.

हे सांगताना आपल्याकडच्या मिश्र वर्गाचा मोठा फायदा होतो. मराठवाड्यात उर्दू लिहिता-वाचता येणारी लेकरं बऱ्याच वर्गांत असतात, आणि मुकं अक्षर म्हणजे काय ते त्यांना सगळ्यांत आधी कळतं. उर्दूत 'बिलकूल' लिहिताना मध्ये अलिफ लिहितात, वाचत नाहीत. अशा लेकराला फळ्यावर बोलवा, अलिफ दाखवायला सांगा, मग 'डाऊट'मधला बी दाखवा. मराठीकडेही बोट दाखवायला विसरू नका. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च लिहायला एकच आहेत, बोलायला वेगळे. परक्या माणसानं हे कसं ओळखायचं? हा प्रश्न विचारला की इंग्रजीला हसणारी लेकरं जरा थांबतात आणि विचार करू लागतात.

कोड्याचा प्रकार निवडा

प्रत्येक शब्द प्रत्येक प्रकारात बसत नाही. माझ्या वर्गात चालतात ते प्रकार सांगते.

सर्वांत सोपा म्हणजे हरवलेलं अक्षर: शब्द द्यायचा, एक चौकट रिकामी ठेवायची. तिसरी-चौथीला ठीक आहे. फार वेळ त्यावर घालवू नका, दोन दिवसांत त्याचा कंटाळा येतो.

त्यापुढचा प्रकार मुक्या अक्षरांच्या माळेचा. चार-पाच शब्द ओळखायचे, प्रत्येकातलं मुकं अक्षर बाजूला काढायचं, ती अक्षरं ओळीनं वाचली की एक नवा शब्द तयार होतो. इथं आपल्या गावांची नावं घ्या. बीडचं जमतं. बी-ई-ई-डी ही चार अक्षरं हवीत. बीसाठी 'डाऊट' घ्या, आपल्याकडे शिकवणीतलं प्रत्येक लेकरू तो शब्द वापरतं. पहिल्या ईसाठी 'गिव्ह', दुसऱ्यासाठी 'हॅव'. इंग्रजीत शब्द सहसा नुसत्या व्हीवर संपवत नाहीत, म्हणून शेवटी हा मुका ई येतो. डीसाठी 'हँकरचीफ', म्हणजे रुमाल. हँडमधला डी तिथं गप्प आहे. सूचक वाक्यं अशी होतील: सरांना विचारायची शंका, दे, जवळ असणे, खिशातला रुमाल. चार उत्तरं, चार मुकी अक्षरं, आणि शेवटी एका जिल्ह्याचं नाव.

बीड जमलं म्हणून मी लातूर करून पाहिलं. ते होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. एल मिळतो, 'टॉक'मध्ये. टी मिळतो, 'लिसन'मध्ये. यू 'बिस्किट'मध्ये आहेच. पण आर अडतो. इंग्लंडमध्ये पुष्कळ लोक 'कार'मधला आर गिळतात, आपण भारतीय तो स्पष्ट म्हणतो. आपल्या कानाला आर कधी मुका वाटतच नाही. माळ रचताना म्हणूनच आर नसलेलं नाव घ्या. ए हे अक्षरही अवघड, ते बहुतेक वेळा जोडीतच येतं, त्यामुळे नांदेडही बाद.

लातूरसाठी तिसरा प्रकार आहे, अक्षरांच्या अदलाबदलीचा. एल-ए-टी-यू-आर ही पाच अक्षरं हलवली की 'अल्ट्रा' तयार होतं, यू-एल-टी-आर-ए. परळीची तर मजाच आहे. पी-ए-आर-एल-आय हलवलं की एप्रिल! सूचक वाक्य लिहा: "कडक उन्हाचा महिना विस्कटला तर वैजनाथाचं गाव सापडेल." नांदेडच्या सहा अक्षरांतून दोन इंग्रजी शब्द निघतात, 'अँड' आणि 'एंड'. शब्दात लपलेला शब्द शोधायचा असेल तर बीडच्या पोटात मधमाशी आहे, धाराशिवच्या पोटात राख, हिंगोलीत 'जा' अशी आज्ञा आणि औशाच्या शेवटच्या तीन अक्षरांत अमेरिका. लेकरांना आपापल्या गावाचं नाव देऊन बसवा, काही ना काही सापडतंच.

गावांच्या नावांबाबत एक पथ्य आहे: स्पेलिंग सध्याचं सरकारीच घ्या. जुन्या कागदांत वेगळी रूपं दिसतात. निजामाच्या राजवटीतल्या, इंग्रजांनी छापलेल्या गॅझेटियरमध्ये नांदेडच्या शेवटी डीऐवजी आर आहे आणि बीडचं स्पेलिंग बी-एच-आय-आर असं आहे. आपला शब्दाच्या शेवटचा ड त्या कानांना र ऐकू आला, तसा त्यांनी लिहिला. ही जुनी रूपं मोठ्या मुलांना जरूर दाखवा, पण कोड्याच्या उत्तरात नकोत.

चौथा प्रकार शिडीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं इंग्रजीत इतके आवाज काढतात की मोठी माणसंही चक्रावतात. रफ वहीत त्याचा 'अफ' होतो, कफ सिरपमध्ये मूळ उच्चार 'ऑफ'कडे झुकतो, नांगराच्या प्लाऊमध्ये 'आऊ'. आता शिडी पाहा. फळ्यावर सर्वांत खाली लिहा टी-ओ-यू-जी-एच. वाचा: टफ. टीनंतर एक एच घाला. झालं 'दो', म्हणजे जरी. आता एचनंतर आर घाला. झालं 'थ्रू', म्हणजे आरपार. आता आरच्या आधी ओ घाला. झालं 'थरो', म्हणजे सांगोपांग. दर पायरीला एकच अक्षर वाढलं, शेवटची चार अक्षरं जागची हलली नाहीत, आणि तरी प्रत्येक वेळी शेपटाचा आवाज बदलला. हे फळ्यावर होताना वर्गाचे चेहरे पाहा. मी सूचना अशी देते: "टणकपासून सांगोपांगपर्यंत चढा. दर पायरीला एक अक्षर घाला, काढू काहीच नका." आठवीच्या लेकरांना 'दो'पासून फांदी फोडून 'थॉट'पर्यंत जायला सांगा, शेवटी एक टी वाढवला की झालं.

पाचवा प्रकार उलटा: आवाज आहे पण अक्षर नाही. 'लेफ्टनंट'मध्ये फ ऐकू येतो, स्पेलिंगमध्ये एफ शोधून सापडत नाही. 'कर्नल'मध्ये र ऐकू येतो, आर नाही. इटालियन रूपातला एल लिहिण्यात राहिला आणि फ्रेंच रूपातला र उच्चारात. दहावीनंतर सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांना हे दोन्ही शब्द जवळचे वाटतात. लेफ्टनंटचं स्पेलिंग पाठ करायला आपल्याकडे 'खोटं, तू, दहा, मुंग्या' असं तोडून म्हणतात. लाय, यू, टेन, अँट. ही तोडणी म्हणजे तयार कोडंच आहे. 'टुगेदर'चं टू-गेट-हर तसंच. पिढ्यान्पिढ्या वर्गात चालत आलेल्या अशा तोडण्या लेकरांच्या आई-वडिलांकडून गोळा करायला सांगा.

'फिश' या शब्दाचं एक जुनं कोडं अनेकांनी ऐकलं असेल: जी-एच-ओ-टी-आय म्हणजे फिश. जी-एच 'इनफ'मधले, ओ 'विमेन'मधला, टी-आय 'नेशन'मधले. हे बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवतात, पण १८५५ च्या एका पत्रातच ते आढळतं, तेव्हा शॉ यांचा जन्मही झालेला नव्हता. मी हे वर्गात सांगते आणि लगेच मोडूनही दाखवते. जी-एच शब्दाच्या सुरुवातीला कधीच 'फ' होत नाही, तिथं तो 'ग'च असतो, जसा 'घोस्ट'मध्ये. टी-आयचा 'श' पुढे आणखी स्वर आल्याशिवाय होत नाही. अक्षर कुठं बसलंय यावर त्याचा आवाज ठरतो, हे या एका कोड्यातून जितकं पक्कं होतं तितकं नियम सांगून होत नाही.

सूचक वाक्य लिहिताना

चांगल्या कोड्याला उत्तर एकच असतं. ही अट पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. 'डेट' म्हणजे कर्ज या शब्दाचं कोडं करायचं आहे असं समजा.

पहिला मसुदा: "चार अक्षरं, एक मुकं." हे तर काहीच झालं नाही. 'नी' म्हणजे गुडघा, 'लॅम' म्हणजे कोकरू, 'हाफ' म्हणजे अर्धा, अशी कितीतरी उत्तरं बसतात.

दुसरा मसुदा: "मराठीत मला 'डेट' लिहितात. चार अक्षरं आहेत, तीनच ऐकू येतात." आता नेमकं वाटतं, पण नाही. तारीख या अर्थाचा 'डेट' हा शब्दही मराठीत तसाच लिहितात, त्यातही डी-ए-टी-ई अशी चारच अक्षरं, आणि शेवटचा ई मुकाच. दोन उत्तरं आली.

तिसरा मसुदा: "मराठीत मला 'डेट' लिहितात, पण मी तारीख नव्हे. सावकाराकडे माझी नोंद असते. माझं तिसरं अक्षर लॅटिनवरून आणून बसवलेलं आहे, ते कुणी वाचत नाही." आता एकच उत्तर उरलं. अर्थ आला, जागा आली, कारणही आलं. आणि एकदा हे कोडं सोडवलेलं लेकरू त्या शब्दातला बी विसरत नाही, कारण त्यानं तो स्वतः शोधून काढलेला असतो.

प्रत्येक सूचक वाक्यात अर्थाचा एक धागा आणि अक्षराचा एक धागा, दोन्ही हवेत. नुसता अर्थ दिला तर ते भाषांतर होतं, नुसती अक्षरं दिली तर अंधारात चाचपडणं. वाक्य मराठीतच लिहा. इंग्रजी वाक्य समजण्यात निम्मी शक्ती गेली तर स्पेलिंगकडे लक्ष राहत नाही. आणि फसवण्यासाठी खोटी माहिती कधी देऊ नका. वाट वाकडी असली तरी चालेल, पण पाटी खरीच हवी.

चौकटीत बसवायचं असेल तर

शब्दकोड्याच्या चौकटींचा खेळ आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात छापला, तो शंकरपाळ्याच्या आकाराचा होता. घरी रचताना मोठी जाळी आखायच्या भानगडीत पडू नका. आठ-दहा शब्द पुरेत. सर्वांत लांब शब्द मधोमध आडवा लिहा, त्याच्या अक्षरांना लटकणारे शब्द उभे घाला. मुक्या अक्षराच्या चौकटीत बारीक ठिपका द्या. आणि शक्य तिथं दोन शब्द मुक्या अक्षरावरच एकमेकांना छेदतील असं बघा. मग एका शब्दात ऐकू येणारं अक्षर दुसऱ्यातलं न ऐकू येणारं अक्षर उघड करतं. 'नाईफ'चा के 'बँक'च्या केवर बसवला की काम झालं.

वर्गात किंवा घरी खेळताना

शनिवारची सकाळची शाळा यासाठी उत्तम. चौघाचौघांचे गट करा, गटात वाचनात पुढे असलेलं आणि मागे असलेलं लेकरू दोन्ही घ्या. मदत तीन टप्प्यांत द्या: आधी अर्थ आणखी स्पष्ट करा, मग अक्षरांची संख्या सांगा, अगदीच अडलं तर मुक्या अक्षराची जागा. मदत घेतल्याबद्दल गुण कापू नका. गुण कापले की मागची लेकरं हात वर करणं सोडतात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं तीच बाजूला राहतात.

उत्तर आलं की फळ्यावर रेघांची जोडणी करून दाखवायला लावा. नुसतं उत्तर ओरडून सांगणं पुरेसं नाही. मुकं अक्षर कोणतं आणि ते तिथं कसं आलं हे सांगितल्यावरच गुण.

काही आठवड्यांनी कोडी लेकरांकडूनच रचून घ्या. खरी कमाई तिथं आहे. कोडं रचणाऱ्याला शब्दाचे सगळे कोपरे तपासावे लागतात, शब्दकोश दहादा उघडावा लागतो. रचलेलं कोडं आधी दोघांना सोडवायला द्यायचं, दोघांची उत्तरं वेगळी आली तर वाक्य पुन्हा लिहायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे पाचवीपर्यंत लेकरांकडे शब्द बऱ्यापैकी साचलेले असतात. कमी असते ती त्यांच्याकडे निरखून बघायची संधी.

सुरुवातीला वापरायला एक पान

हे पान जसंच्या तसं उतरवून घ्या. सोप्याकडून अवघडाकडे लावलं आहे.

एक: रेशन दुकानासमोर मी लागते. माझी पाच अक्षरं. पहिलं ठेवून बाकीची चार खोडली तरी माझा उच्चार बदलत नाही.

दोन: तबल्यात असतो, चालण्यात असतो. सहा अक्षरं, पण ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही.

तीन: मोंढ्यातल्या अडत्याच्या वह्या सांभाळतो. माझ्यात तीन जोड्या सलग येतात, मध्ये एकही सुटं अक्षर नाही.

चार: नांदेड जिल्ह्यातला चार अक्षरांचा तालुका. अक्षरं हलवा, देवाच्या डोक्यामागचं तेजोवलय दिसेल.

पाच: माझा अर्थ 'जवळजवळ'. माझी सहा अक्षरं एबीसीडीच्या क्रमानंच उभी आहेत.

सहा: नऊ अक्षरांत एकच स्वर. अर्थ 'बलस्थानं'.

सात: मराठवाड्यातलं एक शहर. दोन शब्दांचं नाव, इंग्रजीत चोवीस अक्षरं. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर माझ्यात एकदाही येत नाही.

उत्तरं अशी. एक, क्यू: क्यू-यू-ई-यू-ई. दोन, रिदम: आर-एच-वाय-टी-एच-एम. तीन, बुककीपर: दोन ओ, दोन के, दोन ई. चार, लोहा, त्याचं 'हेलो', एच-ए-एल-ओ. पाच, ऑलमोस्ट: ए-एल-एम-ओ-एस-टी. सहा, स्ट्रेंग्थ्स: एस-टी-आर-ई-एन-जी-टी-एच-एस. सात, छत्रपती संभाजीनगर. सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर ई. या नावात सात ए आणि दोन आय आहेत, बाकी सगळी व्यंजनं. 'छ'साठी सी-एच-एच लिहावं लागतं, त्यामुळे दोन एच शेजारी शेजारी येतात. इंग्रजीत असे शब्द अगदी थोडे. एक 'विथहोल्ड', दुसरा 'हिचहाईक'. तिसरा कुठला ते लेकरांना शोधू द्या.